मार्कीजचं डावं चाक

जेद्दा, १० जानेवारी २०२५, शुक्रवार

नूरा,

मी अजून मर्क्युरीच का दुरुस्त करतो म्हणशील, तर मला दुसरं काही येत नाही म्हणून. या नव्या गाड्यांना आधी लॅपटॉप लावतात आणि मग बॉनेट उघडतात. मी आधी कान लावतो. हे तू विचारलेलं नाहीस, माहीत आहे मला. तू सोळा वर्षांत काहीच विचारलेलं नाहीस. पण कोणीतरी विचारणारच, म्हणून आधीच सांगून टाकलं.

सलाम, तब्येत, पाऊसपाणी, सगळं लिहिलं असं समज.

पत्र आणणारा माणूस आपल्या दाभोळचाच आहे. मी त्याला ओळखत नाही. त्याच्या बापाला ओळखायचो, बाप एक नंबरचा खोटारडा. म्हणून पाकिटाला रंगकामाची टेप मारली आहे, आडव्या दोन, उभी एक. कमी दिसली तर समज, वाटेत वाचलंय. फोनवर दोन मिनिटांत झालं असतं हे, पण तुझ्या फोनवर माझा नंबर बंद. मग आता वाच माझं अक्षर. सातवी पास माणसाचं आहे, तक्रार करू नकोस.

कामाचं सांगतो. बंदर, म्हणजे आपल्या कफीलचा थोरला, गॅरेजची जागा सोडतोय. एप्रिलपर्यंत मला मुदत आहे. अडुसष्टाव्या वर्षी माझ्या व्हिसाला जामीन राहणारा नवा कफील कुठून मिळणार? देश कायमचा सोडायचा, खुरूजचा शिक्का मारून मी घरी येतोय. घर म्हणजे तेच, अब्बांचं. आपण दोघे भाऊ, अर्धं तुझं, अर्धं माझं, पडवी एक. गवंड्याला मी निरोप धाडलाय, चिरे आणून टाक म्हणून. पडवीत मधोमध भिंत घालणार. सकाळी उठून मला तुझं तोंड बघायचं नाही.

भिंत नको असेल तर एक कर. कागदावर लिहून दे की तो बोल्ट तुझ्या हातून कसा सुटला. कारण लिही. झोप नव्हती, डोकं ठिकाणावर नव्हतं, काहीही. पण लिही.

तुला माहीत आहे, तरी सगळं लिहून ठेवतो. उद्या कोणी म्हणायला नको, सिराजुद्दीनने स्पष्ट सांगितलं नाही.

जून २००८. कफील अबू बंदरची मर्क्युरी ग्रँड मार्कीज, खजुराच्या रंगाची, पुढचे ब्रेक करायला आली. आपली रीत पंचवीस वर्षांची. उजवी बाजू माझी, डावी तुझी. बोल्ट आवळला की त्यावर टिंब द्यायचं. माझं पांढरं, ऑफिसातल्या खोडायच्या शाईचं. तुझं लाल, सफूरासाठी बलदच्या बाजारातून घेतलेल्या नेलपॉलिशचं. बायकोसाठी घेतलेली बाटली तू बोल्टांना लावायचास, सगळी गल्ली हसायची. पण टिंब म्हणजे काम झालं, परत बघायची गरज नाही. एक गाडी कधी उलटून आली नाही.

ही आली. चौथ्या दिवशी ताइफहून उतरताना हदाच्या घाटात डाव्या चाकाचा ब्रेक निखळला. गाडी डोंगराला घासत गेली. आत कफीलचा म्हातारा बाप होता. खुब्याचं हाड मोडलं, पुन्हा काठीशिवाय चालला नाही. कफील म्हणाला, तुम्हा दोघांतला एक जाईल, कोण ते तुम्हीच सांगा. मी काय सांगणार? चाक डावं. डावं तुझं. एवढंच बोललो मी. तू खाली मान घालून म्हणालास, "हो, मीच." आठ दिवसांत तुझा खुरूज लागला.

यात माझं काय चुकलं? खोटं काय बोललो मी?

आणि विमानतळावर मी तुला विचारलं, नूरा, बोल्ट सुटला कसा? तर तू काय म्हणालास? "भाई, आधी टिंब देत जाऊ नकोस." चूक तुझी आणि शिकवण मला! मी तिथूनच मागे फिरलो. तुझं विमान सुटेपर्यंतसुद्धा थांबलो नाही.

कागद पाठव.

सिराजुद्दीन


जेद्दा, २४ जानेवारी, शुक्रवार

नूरा,

कागद आला नाही. ठीक आहे. मला दुसरीच गोष्ट सांगायची आहे, आणि तू ती आधीच जाणतोस की काय अशी मला शंका आहे.

गेल्या जुम्म्याला गल्लीत गाड्या वाहणारा ट्रक आला. पाठीवर ताडपत्री घातलेली गाडी. केबिनमधून एक मराठी माणूस उतरला. नाशिकचा जयदीप, तेलाच्या कंपनीत इंजिनियर. बूट इतके चकचकीत की मी आधी बूटच बघितले.

"चाचा, मर्क्युरीवाले तुम्हीच का?"

"कोणी सांगितलं?"

"सगळेच सांगतात."

"सगळ्यांना नावं असतात. एक नाव सांगा."

तो हसला. माझं तोंड बघून थांबला. मग ताडपत्री ओढली त्याने.

खजुराचा रंग. मागच्या काचेवर बंदरच्या शाळेचं स्टिकर, अर्धं सोललेलं. नूरा, तीच गाडी. ताइफला कफीलच्या गुलाबाच्या मळ्यात शेडखाली सोळा वर्षं उभी होती. घासलेली डावी बाजू तशीच. दुरुस्त केली नाही, विकली नाही, मोडीत दिली नाही. बंदर मळा आवरतोय, त्याने या नाशिककराला देऊन टाकली. आणि हा ती घेऊन थेट माझ्या दारात!

जेद्द्यात काय कमी मेकॅनिक आहेत? मी त्याला तीन वेळा विचारलं, दाभोळला कोणी ओळखीचं आहे का. म्हणतो, "चाचा, मी दाभोळला फक्त एकदा गेलोय. मासे खायला." कोणाकडे खाल्लेस विचारलं तर म्हणे, आठवत नाही. बघ. इंजिनियरला आठवत नाही.

त्याला मर्क्युरीचं वेड आहे. लहानपणी त्यांच्या घरी कॅलेंडरवर चित्र होतं म्हणे. हातात कागदांची चळत. मी हात धूत होतो तर वाचायला लागला. १९३८ साली फोर्डच्या मुलाने काढली, साधी फोर्ड आणि श्रीमंतांची लिंकन यांच्या मधली. ना नोकराची ना साहेबाची, ज्याचं बरं चाललंय त्याची. मग कुठल्या सालात किती चालली, कधी उतरली. २०१० साली कंपनीने जाहीर केलं, बंद. २०११च्या जानेवारीत कॅनडात शेवटची मर्क्युरी बाहेर पडली, तीसुद्धा ग्रँड मार्कीजच.

मी म्हटलं, "मला सालं वाचून दाखवू नकोस. मी इथे दारात उभा राहून बघितलंय."

तूही बघितलंयस. त्र्याऐंशी साली आपण आलो तेव्हा फजरची नमाज संपायच्या आधी तीन मार्कीज शटरला नाक लावून उभ्या असायच्या. रांग बेकरीपर्यंत. शाळेचा मुदीर म्हणजे हेडमास्तर, पोलिसातला कॅप्टन, नव्या लग्नाचा पोरगा, सगळ्यांना मार्कीज पाहिजे. दिवाणखान्यासारखी सीट, दात वाजवणारा एसी, आणि पुढे तो तीन वाकड्या रेघांचा बिल्ला. तो बिल्ला पुसताना तू थुंकी लावायचास आणि मी ओरडायचो. मग जपानी आल्या, कोरियन आल्या. आधी पोरांनी सोडली, मग मास्तरांनी. तू गेलास तेव्हा रांग बेकरीपर्यंत नव्हती, पण होती. दोन-चार वर्षांनी एजन्सीवाला म्हणाला, हा पार्ट आता येणार नाही. मग मी तश्लीहला, मोडीच्या बाजारात, जायला लागलो. मोडीत निघालेल्या गाड्यांतून काढायचं आणि चालत्या गाडीला लावायचं. आता मोडीतल्याही संपल्या. या वर्षी माझ्याकडे चार मार्कीज आल्या. त्यातल्या दोन एकाच माणसाच्या.

मी जयदीपला विचारलं, एवढी चांगली गाडी, बंद का केली? कागदात लिहिलंय का?

तो म्हणाला, "चाचा, ही आणि फोर्डची क्राउन व्हिक्टोरिया खालून एकच. इंजिन एक, सांगाडा एक, फक्त तोंड वेगळं. कंपनीला अडचण आली तेव्हा ते म्हणाले, घरात एकसारखे दोन कशाला? एकाला घालवू."

मी पाना खाली ठेवला. म्हटलं, "हे तुला कोणी शिकवून पाठवलं?"

बिचाऱ्याचं तोंड उतरलं. पण मला खात्री नाही अजून.

तू पाठवलंस का त्याला? हो की नाही, एवढंच लिही.

सिराजुद्दीन


जेद्दा, ८ फेब्रुवारी, शनिवार

नूरा,

हा काय प्रकार आहे?

पत्र मी तुला लिहितो आणि उत्तर फरहानाचं येतं. त्या पत्र नेणाऱ्याच्या फोनवर तुझ्या पोरीची एक ओळ: "चाचाजान, अब्बा म्हणतात गाडी आली असली तरी डावं चाक उघडू नका."

बस. ना सलाम, ना का, ना कशासाठी. मी त्याला उलट विचारायला लावलं, अब्बा स्वतः म्हणाले की तूच म्हणतेस? तर तिने अंगठ्याचं चित्र पाठवलं. अंगठ्याचा अर्थ काय लावायचा मी?

ऐक. ज्याच्याकडे लपवायला काही नसतं तो म्हणतो, खुशाल उघडा. तू म्हणतोस उघडू नका. म्हणजे तिथे काहीतरी आहे. सोळा वर्षं तू गप्प बसलास, आणि गाडी आली म्हणताच तोंड फुटलं. तेही पोरीच्या तोंडून.

मी उजवी बाजू पूर्ण केली. ब्रेकवर माझी पांढरी टिंबं अजून दिसतात, पिवळी पडलीत पण आहेत. टाकी धुतली, तेल बदललं, बॅटरी नवी. बुधवारी इंजिन सुरू केलं. आधी खोकली, काळा धूर सोडला, मग एकदम बसली तालात. तोच आवाज. जयदीपने टाळ्या वाजवल्या. त्याने आपल्या मुलीलाही आणलं होतं, नूपुर. तिने कानांवर हात ठेवले आणि म्हणाली, "पप्पा, इट स्मेल्स." खरं बोलली. या सगळ्यात ती एकटीच सरळ बोलते.

डावी बाजू अजून उघडलेली नाही. जयदीप दर जुम्म्याला विचारतो. एकदा मी म्हटलं, जॅक नीट नाही. एकदा म्हटलं, गुडघा दुखतो. परवा तो स्वतःच पाना घेऊन वाकायला लागला, तेव्हा मी असा ओरडलो की शेजारचा पठाण बाहेर आला.

"चाचा, चाकच आहे ते," जयदीप म्हणाला.

"तुझं नाही ते."

"अहो, गाडी माझीच आहे."

"गाडी तुझी. चाक नाही तुझं."

मी घाबरलो वगैरे नाही. तसं मनात आणू नकोस. गुडघा खरंच दुखतो.

पुढच्या शनिवारी उघडणार. एक आठवडा देतो तुला. तोपर्यंत स्वतः लिहिलंस तर उघडणार नाही. चिरे पडले का अंगणात?

सिराजुद्दीन


जेद्दा, १५ फेब्रुवारी, शनिवार

लाल!

नूरा, लाल निघालं! एकटाच होतो, कोणाला बोलावलं नाही. शटर अर्धं ओढलं, जॅक लावला, चाक काढलं. ब्रेक धरणारे दोन बोल्ट असतात. खालचा नाहीच, तो हदाच्या घाटात पडला असणार कुठेतरी. वरचा जागेवर, हाताने फिरतो इतका सैल. आणि त्याच्या डोक्यावर लाल टिंब. सफूराची नेलपॉलिश. धुळीखाली सोळा वर्षं चमक गेली नाही त्याची.

आता बोल. मी काय म्हणत होतो? डावं तुझं. टिंब तुझं. सैल बोल्टावर टिंब देऊन मोकळा झालास आणि एका म्हाताऱ्याला जन्माचा लंगडा केलास. आणि मला शिकवतोस, आधी टिंब देऊ नकोस!

मोहल्ल्यात सगळ्यांना मी हेच सांगितलं होतं आणि तेच खरं निघालं. तू जेट्टीवर होड्यांची इंजिनं दुरुस्त करतोस, तर मी इथे माणसं जमवून सांगायचो, नूराला होडीच देतात, कारण होडीला ब्रेक नसतो. ते तुझ्या कानावर गेलं आणि तू नंबर बंद केलास. आता कोण खरं? बोल.

भिंत होणार. गवंड्याला सांग, उंच घाल.


जेद्दा, १६ फेब्रुवारी, रविवार

कालचं पत्र पाठवलं नाही. जाणारा माणूस गुरुवारी जातो. फाडणारही नाही, लिहिलं ते लिहिलं. याच्यासोबत येईल.

रात्री मला झोप आली नाही असं काही समजू नकोस. चांगला झोपलो. सकाळी चहा पिताना आठवलं की तुझं टिंब मुंगीएवढं असायचं. ब्रशच्या एका केसाने द्यायचास. सफूराची बाटली वर्षभर पुरायची तुला. आणि हे टिंब केवढं? बोरीच्या बीएवढं, ओघळलेलं. घाईत दिलेलं. तू कधी घाई केलीस रे आयुष्यात? घाई माझी.

मला तुझाच संशय आला. म्हटलं, यात काहीतरी बनवाबनवी आहे.

गॅरेजमध्ये गेलो. अंगठ्याच्या नखाने खरवडलं. लाल पापुद्रा उडाला.

खाली पांढरं.

मी तिथेच जमिनीवर बसलो. जयदीप कधी आला मला कळलं नाही. रविवारी त्याला सुट्टी नसते, अर्ध्या दिवसाची रजा टाकून आला होता चाकासाठी. माझ्याशेजारी जमिनीवर बसला, त्या चकचकीत बुटांसकट, ऑइलमध्ये.

"काय झालं चाचा?"

"हे पांढरं माझं आहे," मी म्हणालो.

त्याला काय कळणार? तरी त्याने वाकून बोल्ट बघितला. मग म्हणाला, "मग वर लाल कोणी लावलं?"

मी त्याला सांगितलं नाही. तुला सांगतो.

अपघातानंतर गाडी ओढत गॅरेजमध्ये आणली होती. दुसऱ्या दिवशी बघायला पोलिसांचा माणूस येणार होता. त्या संध्याकाळी कफीलने मला हॉस्पिटलात बोलावलं, आणि गाडीपाशी तू एकटा होतास.

आणि आता त्या ब्रेकच्या दिवसाचं. ते मला आठवत नव्हतं असं मी म्हणायचो. आठवत होतं. मी तिकडे बघत नव्हतो.

त्या दिवशी तू गॅरेजमध्ये नव्हतासच. घरून फोन आला होता, फरहाना झाली म्हणून. तू नाचत नाचत बलदला गेलास, मिठाई आणायला. मी म्हटलं, जा, दोन्ही बाजू मी करतो, डाव्या बाजूला काय काटे आहेत? उजवी केली. डावीला आलो. बोल्ट हाताने बसवले, आणि माझी ती सवय, सगळ्यांना आधी टिंबं देऊन मोकळं व्हायचं, मग पान्याने आवळत जायचं. तू कितीदा म्हणायचास, भाई, उलटं करतोस तू. मी म्हणायचो, वेळ वाचतो. टिंबं दिली आणि असरची अजान झाली. तेव्हा शटर ओढल्याशिवाय सुटका नव्हती, गल्लीच्या तोंडाशी मुतव्वांची, धर्माच्या पोलिसांची, जीप उभी. पाना टाकला, शटर ओढलं, नमाजला गेलो. परत आलो. डाव्या चाकाकडे बघितलं. दोन्ही बोल्टांवर पांढरी टिंबं. म्हटलं, झालंय. चाक चढवलं.

मग तू आलास मिठाई घेऊन. कफीलचा म्हातारा गाडी न्यायला येऊन बसला होता, त्यालाही तू दिलीस. त्याने फरहानासाठी दुवा केली.

चार दिवसांनी तोच म्हातारा त्याच गाडीत होता.

आणि मी कफीलसमोर म्हणालो, डावं नूराचं.

सिराजुद्दीन


जेद्दा, २३ फेब्रुवारी, रविवार

नूरा,

गुरुवारच्या माणसाबरोबर पत्र दिलं नाही. आधी ताइफला जायचं होतं. आता तीन पत्रं एकदम येतील, तारखा बघून वाच.

जयदीप म्हणाला, मी नेतो तुम्हाला. मी म्हटलं, याच गाडीतून जाऊ. तो म्हणाला, चाचा, घाट आहे. मी म्हटलं, म्हणूनच. डाव्या चाकाला नवे बोल्ट घातले. आवळले. पुन्हा आवळले. जयदीपला सांगितलं, तू आवळून बघ. मग पठाणाला बोलावलं, तूही बघ. टिंब कोणतं द्यायचं हा प्रश्न होता. दिलंच नाही.

हदाचा घाट गाडी दुसऱ्या गिअरवर चढली, गरमीची सुईसुद्धा वर गेली नाही. उतरताना मी स्वतः चालवली. त्या वळणावर जयदीप दाराचा दांडा धरून बसला होता आणि मला म्हणत होता, छान चालवता हं. मी म्हटलं, गप्प बस.

मधलं सांगायचं राहिलं. अबू बंदर आता थकलाय. मळ्यात गुलाबांना अजून कळ्याच आहेत, त्यांच्यामध्ये खुर्ची टाकून बसतो. मला बघून उठला, गालाला गाल लावला. काहवा आला. मी काहवा न घेता सांगितलं. उभ्याने सांगितलं, टिंब, अजान, शटर, सगळं. खिशातून तो बोल्ट काढून त्याच्या हातात दिला.

त्याने तो फिरवून बघितला. मग म्हणाला, "सिराज, माझा बाप हॉस्पिटलात म्हणत होता, डाव्या बाजूला मोठा काम करत होता, धाकटा मिठाई घेऊन मागाहून आला. तो मरेपर्यंत तेच म्हणत होता."

"मग तू मला का नाही काढलंस?"

"तुझा भाऊ उभा राहून म्हणाला, मीच. आणि तू, त्याचा मोठा भाऊ, म्हणालास, तोच. दोन भाऊ एक बोलतात, मग मी म्हाताऱ्याचं ऐकू?"

गाडी मोडीत का नाही दिली विचारलं. म्हणाला, बापाने देऊ दिली नाही. एक दिवस तो मोठा येईल, म्हणाला होता.

काहवा मी नंतर प्यायलो. थंड झाला होता.

आता तुझं. तू हे का केलंस ते मला कळत नाही. माझ्या दोन पोरींची लग्नं ठरायची होती, तेव्हा मी घरी परत आलो असतो तर अवघड झालं असतं, हे खरं. तुझी पोरगी चार दिवसांची, तुलाच घरी जावंसं वाटलं असेल, असं मी आता स्वतःला सांगतो. तसं असेल तर लिही. तसं नसेल तर लिहू नकोस.

आणि डावं चाक उघडू नका म्हणालास, ते माझ्यासाठी म्हणालास. कळलं. उशिरा कळलं. त्याआधी मी तुला काय काय लिहिलं ते तू वाचलंच असशील.

चिरे आले असतील तर ते मशिदीच्या गडग्याला दे. आपल्या पडवीत नकोत.

अजून एक. मी जमातीच्या अध्यक्षांना एक कागद लिहिलाय. जुम्म्याच्या नमाजनंतर मोठ्याने वाचायला सांगितलाय. बोल्ट सिराजुद्दीनने सैल सोडला, नूरुद्दीन त्या दिवशी गॅरेजमध्ये नव्हता, होडीची गोष्ट सिराजुद्दीनने रचली आणि सोळा वर्षं हसून सांगितली. एवढंच. खाली सही आणि अंगठा दोन्ही. तो कागद तुझ्या हाती दिलेला नाही, सरळ त्यांच्याकडे गेलाय, दुसऱ्या माणसाबरोबर, दुप्पट टेप मारून. तुझ्यावर माझा भरवसा नाही. एकदा तू माझं पांढरं टिंब झाकलंस. हाती कागद आला असता तर तोही झाकला असतास.

जयदीप गाडी घेऊन गेला. बिल्ला पुसताना थुंकी लावत होता. मी ओरडलो नाही.

एप्रिलच्या दहा तारखेचं विमान आहे. घ्यायला येऊ नकोस. आलास तर लवकर ये, मला ताटकळत उभं राहायला आवडत नाही.

माफी वगैरे शब्द मी या कागदावर लिहिणार नाही. पडवीत बसल्यावरही या गाडीचं एक अक्षर माझ्या तोंडून निघणार नाही. तूही विचारायचं नाही, सफूराने नाही, फरहानाने नाही. विचारलंत तर उठून आत जाईन.

खलास. अजून काही सांगणार नाही.

सिराजुद्दीन